मंजुरीपेक्षा जास्त

कमी निघालं म्हणून माणूस आरडाओरडा करतो, हे मी समजू शकते. जास्त निघालं म्हणून कुणी कपाळाला हात लावून बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या कृष्णरावांना, आणि तेही एका कोऱ्या कॉम्प्युटरसमोर.

भंडाऱ्याच्या आमच्या सहकारी राईस मिलमध्ये तो कॉम्प्युटर आला सत्याऐंशीच्या दिवाळीनंतर, धानाची आवक ऐन भरात असताना. मी तिथली ऑपरेटर. बीएस्सी झाल्यावर नागपुरात राहून कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि माझ्या गावाहून, जवळच्या शहापूरहून, रोज एसटीने ये-जा करत होते. नेमणूक तात्पुरती होती. कृष्णराव मिलचे मॅनेजर. पन्नाशीचा सरळमार्गी माणूस, सुपारीशिवाय व्यसन नाही, पण ऑडिटचं नाव काढलं की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्पष्ट सांगून टाकलं होतं की ऑडिटमध्ये मशीन पास झालं तर माझी ऑर्डर पक्की, आणि मशीन परत गेलं तर ऑपरेटर ठेवून ते करणार तरी काय. घरी बाबांनीही त्यावर आपली अट चढवली होती. नोकरी पक्की झाली तर लग्नाचं माझ्या मर्जीने, नाही झाली तर याच उन्हाळ्यात, ते म्हणतील तिथे. म्हणजे माझं सगळं त्या पांढुरक्या डब्यावर येऊन अडकलं होतं.

डबा सुरू केला की काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात हिरवे आकडे भराभर चढतात. मशीन आपल्याजवळची मेमरी मोजून सांगतं. मेमरी म्हणजे काय, हे मी कृष्णरावांना त्यांच्याच भाषेत समजावलं होतं: खळं जेवढं मोठं, तेवढं धान एका वेळी पसरता येतं. आकडे चढत चढत सहाशे चाळीसवर थांबले. मी खूश झाले. कृष्णरावांनी फाइलमधून मंजुरीचा कागद काढला, चष्मा पुसला आणि वाचला. कागदावर दोनशे छप्पन होते.

"हे जास्तीचं कोणाचं होय?" त्यांनी विचारलं.

"आपलंच आहे. कंपनीनं जुनं मॉडेल बंद केलं, म्हणून त्याच किमतीत वरचं पाठवलं. पत्रात लिहिलं आहे तसं."

"फुकट कोण देते बापा? कमी निघालं असतं तर मी भरून मागतलं असतं. जास्त निघालं म्हणजे चौकशी. आपल्या आधीच्या मॅनेजरचं काय झालं, माहीत आहे ना तुले?"

ते सगळ्या मिलला माहीत होतं. गोदामात धानाची पोती हिशोबापेक्षा जास्त निघाली म्हणून तो माणूस घरी बसला होता. धानाच्या धंद्यात त्याला अर्थ आहे. धान वाळलं की वजनात घटतं, ते वाढत नाही. तेव्हा गोदामात जास्तीचं पोतं निघालं, तर ते कुठल्यातरी शेतकऱ्याच्या मापात मारलेलं असणार. आयुष्यभर धान मोजलेल्या माणसाने तोच नियम मशीनला लावला. मशीनमध्ये जास्त निघालं, म्हणजे कुणाचं तरी मारलेलं. मी त्यांना पुन्हा समजावलं, मग आणखी एकदा समजावलं, आणि मग माझाच आवाज चढायला लागला तेव्हा गप्प बसले.

"जास्तीचं काढून टाक," ते म्हणाले.

जणू मेथीच्या जुडीतली पिवळी पानं काढायची होती. मी पोस्टात जाऊन नागपूरच्या इंजिनिअरला ट्रंक कॉल लावला. लाइनवरच्या खरखरीत तो ओरडून म्हणाला, "मॅडम, काहीही उपटू नका. आत बोर्डवर स्विच आहेत, ते बदला. पुस्तकात पान आहे बघा." हे एक बरं झालं, कारण मी खरंच उपटणार होते.

मागचे स्क्रू काढून झाकण पुढे ओढलं की हिरव्या बोर्डवर एक निळी पट्टी दिसते. तिच्यावर तांदळाच्या कणीएवढे पांढरे खटके ओळीने बसवलेले असतात. मशीनला फ्लॉपीचे खण किती, पडदा कुठला, मेमरी किती, हे सगळं ते खटके सांगतात. मशीन स्वतःहून आत वळून बघत नाही. खटक्यांनी सांगितलं तेवढंच ते खरं मानतं आणि तेवढंच मोजून दाखवतं. बोटाने ते खटके हलत नव्हते, म्हणून मी केसातला आकडा काढला आणि त्याच्या टोकाने दोन खटके फिरवले. मशीन सुरू केलं. आकडे दोनशे छप्पनवर येऊन थांबले. कृष्णरावांनी समाधानाने सुपारी कातरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी धान खरेदीचा प्रोग्राम लावला, तर मेमरी पुरत नाही एवढं इंग्रजीत लिहून मशीन स्वस्थ. पुन्हा लावला, पुन्हा तेच. बाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांची रांग, कारकून पावत्या हाताने फाडतायत, आणि मी लाखभराच्या मशीनसमोर हात बांधून बसलेली. कृष्णराव येऊन म्हणाले, "चालून नाही राहिलं का? मग परत पाठवू." मशीन परत म्हणजे मी परत. दोनशे छप्पन ठेवलं तर काम होत नाही म्हणून परत, सहाशे चाळीस ठेवलं तर कागदाशी जुळत नाही म्हणून चौकशी. या माणसाला एका वेळी दोन्ही हवं होतं आणि त्यात आपण काही वावगं मागतोय, हे त्याच्या गावीही नव्हतं.

शेवटी मीच तोड काढली. "सकाळी मी खटके वर करते," मी म्हणाले. "दिवसभर काम होईल. संध्याकाळी तुम्ही साठा पाहायच्या आधी खाली करून ठेवते."

कृष्णरावांनी दार लोटून घेतलं. "सकाळी तू काय करते, ते मले सांगू नको," ते म्हणाले. "संध्याकाळी साठा जुळला पायजे."

आणि खरोखर, रोज संध्याकाळी ते गोदामातली पोती मोजून झाली, वजनाचा काटा पाहून झाला की माझ्या खोलीत यायचे, मशीन सुरू करायला लावायचे, दोनशे छप्पन आलेलं पाहायचे आणि मग खोलीला कुलूप घालायचे. कोण संचालक कधी टपकेल याचा नेम नव्हता ना. मी सकाळी आल्या आल्या स्क्रू काढायचे, झाकण ओढायचे, केसातला आकडा काढून खटके वर करायचे, झाकण बसवायचे, स्क्रू पिळायचे. संध्याकाळी हेच उलटं. स्क्रूंचे आटे झिजले. एक तर आत पडून असा हरवला की सगळं मशीन उपडं करून हलवावं लागलं. घरी जाताना माझा अंबाडा रोज सुटलेला असायचा आणि एसटीतल्या बायका माझ्याकडे संशयाने बघायच्या. कोर्समध्ये आम्हाला खूप काही शिकवलं होतं. हे शिकवलं नव्हतं.

त्यातल्या त्यात मला एक समाधान होतं की युक्ती माझी आहे आणि काम होतंय. पावत्या छापून बाहेर पडत होत्या, रांग भराभर सरकत होती. तेवढ्यावर मी माझा राग गिळत होते.

घरी दुसरा वैताग वाढून ठेवलेला. आमच्या शेजारच्या शकुनबाई लग्न जुळवण्यात पटाईत. त्यांनी पवनीचं एक स्थळ आणलं. बाजारात कापडाचं दुकान, मुलाचं नाव इश्वर, निर्व्यसनी, बारावी नापास. मी आत चहा गाळत होते. बाहेर माझी आई, रंभाबाई, शकुनबाईंना सांगत होती, "आमची चंद्रकांता दहावी झाली. भंडाऱ्याच्या मिलमधे जाते. आता टायपिंग शिकून राहिली."

गाळणीतला चहा कपाबाहेर गेला. शकुनबाई जाईपर्यंत मी कसाबसा दम धरला.

"आई, मी बीएस्सी आहो."

"मले माहीत नाही का? फी कोणं भरली?"

"मग दहावी काहून सांगतलं?"

"पोरगा बारावी नापास आहे. त्याच्याहून जास्त सांगतलं तर ते लोकं येतीनच नाही. दहावी बरोबर बसते."

"अन् नोकरी?"

"पक्की कुठं झाली ते सांगू? झाली तर मग पाहू."

आईशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. ती चिडत नाही, आवाज चढवत नाही, आपलं सूप हलवत बसते. मी बाबांकडे पाहिलं. बाबा, म्हणजे टिकाराम, धानाच्या बांध्यांतलं पाणी सोडून दुसऱ्या कशातही मधे पडत नाहीत. ते म्हणाले, "येऊन पाहून जातीन तं जाऊ दे ना."

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी झाकण काढून बसले होते, तर दारात एक माणूस. इस्त्रीचा टेरिकॉटचा शर्ट, तेल लावून बसवलेले केस, हातात रिकामी पिशवी. कोंडा कुठे मिळतो म्हणून विचारत होता. एवढ्या स्वच्छ कपड्यात कुणी कोंडा न्यायला येत नाही, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण माझं डोकं आधीच तापलेलं होतं. एक खटका अर्ध्यातच अडकला होता.

"हे काय करून राहिले तुम्ही?" त्याने विचारलं.

"खोटं बोलायची तयारी," मी म्हटलं.

त्याला गंमत वाटली असावी. तो आत येऊन उभा राहिला. मग मीही, कुणाला तरी ऐकवायचंच होतं म्हणून, सगळं ऐकवलं. याच्याजवळ सहाशे चाळीस आहे, कागदावर दोनशे छप्पनच मंजूर आहे, म्हणून याला सकाळी खरं सांगायचं आणि संध्याकाळी खोटं.

"मशीनले समजत नाही का, आपल्याजवळ जास्त आहे म्हणून?"

"नाही. सांगितलं तेवढंच मानते."

"मग जास्तीचं जाते कुठं?"

"कुठं नाही जात. आतच राहते. वापरता येत नाही."

त्याने वाकून बोर्डकडे पाहिलं. खरंच समजून घेत होता. मग म्हणाला, "किती शिकल्या तुम्ही?"

"बीएस्सी. अन् अठी मिलमधे त्याचा काही उपयोग नाही. कोंडा पलीकडच्या खिडकीत भेटते."

तो हसला आणि गेला. कोंडा न घेताच गेला, हे मला पहारेकऱ्याने नंतर सांगितलं. मुलगी पाहायला रीतसर येण्याआधी कुणीतरी गुपचूप येऊन नजर टाकून जातो, ही आमच्याकडची जुनी चाल. पण मुलगा स्वतःच पिशवी घेऊन येईल, असं माझ्या मनात आलं नाही.

रविवारी पवनीची मंडळी आली. मुलाची आई सत्यभामाबाई, मुलाचे काका आणि मुलगा. मी चिवड्याचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर समोर तोच. टेरिकॉटचा शर्टही तोच. मी ट्रे धरून जागीच थांबले. आई समजली, पोरगी लाजली.

सत्यभामाबाईंनी मला जवळ बसवलं, हात हातात घेतला, बोटं पाहिली. बोलायला गोड होत्या. "किती शिकली वो पोरगी?" त्यांनी आईला विचारलं.

"दहावी," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. "आता टायपिंग शिकून राहिली."

इश्वर मान खाली घालून चिवड्यातले शेंगदाणे वेचत होता. हा आता बोलणार, अशी मला भीती वाटली. खोटं आईचं, पण उघडी मी पडणार होते. मग मला स्वतःचाच संताप आला. मी कशाला भ्यावं? पदवी काय मी चोरून आणली होती? पण मी तोंड उघडलं नाही, आणि त्यानेही नाही. सगळे शेंगदाणे संपवून त्याने ताटली खाली ठेवली. जाताना सत्यभामाबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पुन्हा मिलमध्ये आला. या वेळी पिशवीही आणली नव्हती. मंगळवारी ऑडिटर येणार म्हणून कृष्णराव गोदामात पोत्यांच्या थप्प्या पुन्हा पुन्हा मोजत होते. मी नुकतंच झाकण काढलं होतं.

"मी काही सांगतलं नाही," इश्वर म्हणाला.

"दिसलं."

"मले चालते बीएस्सी. चालते म्हणजे, मले चांगलंच वाटते. पण आमच्या आईले नाही चालत. मोठी वहिनी मॅट्रिक होती, ती वेगळी निघाली. तवापासून आईनं डोक्यात घेतलं, शिकलेली पोरगी घर फोडते म्हणून." तो थांबला, बोर्डकडे पाहू लागला. "मी रात्रभर विचार केला. तुमच्या या मशीनसारखं करू. दिवसा दुकानात तुम्ही बीएस्सी. हिशोब तुम्ही पाहा, टॅक्सचे कागद तुम्ही पाहा, मी तुमचंच ऐकन. अन् संध्याकाळी घरी आलं की दहावी. आईसमोर तेवढं खाली करून टाकायचं. कोणाले तरास नाही."

त्याने हे अगदी मनापासून सांगितलं. तो उद्धट असता तर मी त्याला हाकलून दिलं असतं. त्याने हुंडा मागितला असता, नाक मुरडलं असतं, तरी सोपं होतं. पण तो चांगला होता. माझ्यासाठी त्याने डोकं चालवलं होतं, आणि चालवून चालवून माझीच युक्ती मला आणून दिली होती. महिनोन्महिने जी मला हुशारी वाटत होती ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. मला त्याच्यावर रागावताही येईना.

"उत्तर घरी पाठवते," मी कसंबसं म्हणाले. त्याने ते होकारासारखं घेतलं असावं. शीळ घालत पायऱ्या उतरला.

केसातला आकडा माझ्या हातात होता. मी तो परत केसात खोवला आणि झाकण बसवलं. स्क्रू पिळत होते तेवढ्यात कृष्णराव आले, मशीन सुरू करायला सांगितलं. आकडे दोनशे छप्पन ओलांडून वर गेले आणि सहाशे चाळीसवर थांबले.

"करायचं राहिलं वाटते," ते म्हणाले.

"राहिलं नाही. मी केलं नाही. अन् आता करतही नाही."

"उद्या ऑडिटर येऊन राहिला, चंद्रकांता."

"येऊ द्या. आहे तेवढं दिसू द्या त्यांना."

ते बाकावर बसले. सुपारीची डबी उघडली आणि तशीच मिटली. "तुझी ऑर्डर जाईन ना पोरी," ते हळूच म्हणाले. "अन् माझं तं सारंच जाईन." मला त्यांची दया आली, पण हात पुन्हा त्या स्क्रूंकडे जाईना. ऑर्डर गेली तर उन्हाळ्यात काय होणार, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी मी पर्स उचलली आणि निघाले. त्यांनी कुलूप घातलं की नाही, तेही पाहिलं नाही.

मंगळवारी ऑडिटर आले. नागपूरचे, तरुण, सर्दी झालेले. गोदाम पाहिलं, काटा पाहिला, मग माझ्या खोलीत आले. मशीन सुरू केलं. त्यांनी आकडा पाहिला, मंजुरीचा कागद पाहिला, पुन्हा आकडा पाहिला. कृष्णराव दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

"हे जास्त कसं?"

मी कंपनीचं पत्र पुढे केलं. त्यांनी वाचलं, नाक पुसलं. "बरं झालं की मग. एक ओळ लिहून ठेवा. पुरवठादाराने त्याच दरात वरचं मॉडेल दिलं, मिलने स्वीकारलं."

"साहेब, चौकशी?" कृष्णरावांनी विचारलं.

"कशाची? ते काय धानाचं पोतं आहे का?" साहेब म्हणाले आणि आलं घातलेला चहा मागवला.

संपलं. एवढंच होतं ते. पहिल्या दिवशी कुणी एक ओळ लिहिली असती तर माझे एवढे महिने वाचले असते, स्क्रूंचे आटे वाचले असते. कृष्णराव तर आनंदाने वेडे झाले. पेढे मागवले, संध्याकाळच्या आत माझ्या कायम नेमणुकीची ऑर्डर टाइप करायला लावली, तीही माझ्याकडूनच. "पाहा, मी म्हणत होतो ना, काही होत नाही म्हणून," ते म्हणाले. मला त्यांचा गळा धरावासा वाटला. मी पेढा खाल्ला.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. नोकरी पक्की झाल्याचं सांगायला मी एसटीतून उतरून जवळजवळ पळतच आले होते. आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "पवनीहून होकार आला. शकुनबाई आत्ताच गेल्या. लोकं मोठे चांगले आहेत माय."

मी तिच्यापुढे बसले. ऑर्डरचं सांगितलं, इश्वर मिलमध्ये आला होता हे सांगितलं, तो काय म्हणाला तेही सांगितलं. मला वाटलं, आता तरी हिला धक्का बसेल. आईचा चेहरा उजळला.

"म्हणजे पोराले माहीत आहे, अन् त्याले चालते. मग तं उलट चांगलंच झालं. तू दुकानात आपलं काम कर. घरी सासूसमोर चूप राह्य. त्यात काय जाते?"

"जन्मभर, आई? मले येते ते येत नाही म्हणून सांगत बसू? जन्मभर?"

"काही होत नाही," आई म्हणाली. सूप हलवायचं तिने थांबवलं नव्हतं. "माझं काय बिघडलं?"

"तुझा काय संबंध?"

"मी सातवी पास आहो."

आईने आजवर जिथे तिथे अंगठा दिलेला मी पाहिला होता. रेशनच्या दुकानात, पतपेढीत, माझ्या शाळेच्या दाखल्यावर. निळी शाई पदराच्या कोपऱ्याने पुसताना पाहिली होती. गावाहून मामाचं पत्र आलं की ती माझ्यापुढे धरायची आणि म्हणायची, वाच वो.

"तुमसरले मावशीकडे राहून शिकलो," ती सांगत होती, शेजारच्या गावाची खबर सांगावी तसं. "पहिला नंबर होता माझा. तुझ्या बाबाचं स्थळ आलं, तं ते चौथी. आमच्या बापानं सांगतलं, पोरीले अक्षरओळख नाही. तुझ्या बाबाले आजवर माहीत नाही. चाललं ना सारं? तुम्ही लेकरं मोठी झाली, घर झालं."

सुपाशेजारी वाण्याकडून आलेल्या साखरेच्या पुड्याचा कागद पडला होता, वर्तमानपत्राचा. मी तो उचलून तिच्या हातात दिला. "वाचून दाखव."

"हट."

"वाच ना आई. कोणी नाही अठी."

तिने हात लुगड्याला पुसले. कागद दिव्याकडे धरला. पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं, दुसऱ्यावर ठेवलं. ओठ हलले. पुन्हा पहिल्या अक्षरावर आली. मग तिसरं आणि चौथं मिळून एक जोडाक्षर होतं, तिथे बोट थांबलं ते थांबलंच. मी शेजारून ते वाचू शकत होते, पण सांगायची माझी छाती झाली नाही.

"चष्मा लागते आता," आई म्हणाली.

सकाळीच माझ्यासमोर तिने माझ्या पोलक्याची बटणं लावली होती, एका फटक्यात सुई ओवून. मशीनचं बरं होतं. त्याला महिनोन्महिने रोज संध्याकाळी खाली केलं, तरी सकाळी वर करताच होतं तेवढं सगळं जागच्या जागी सापडायचं. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, पण तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. आजोबा तर मी जन्मायच्या आधीच गेले होते. मी उठून आत गेले. मागे पाहिलं तर आई कागद मांडीवर घेऊन तशीच बसली होती आणि सुपातले तांदूळ कोंबडी टिपत होती. तिने कोंबडी हाकलली नाही.

सकाळी मी एसटीसाठी निघायच्या तयारीत होते. पवनीला काय निरोप पाठवायचा, ते मनात घोळवत होते आणि आईशी भांडण व्हायचं ते होणार, असं धरून चालले होते. बाबा ओसरीवर खांबाला आरसा टांगून दाढी करत बसले होते. आई अंगणात सडा टाकत होती. पलीकडून शकुनबाई पाण्याला निघाल्या, तशी आईने बादली खाली ठेवली आणि कुडाच्या कुंपणाशी गेली.

"शकुनबाई," ती म्हणाली, "पवनीवाल्यांले निरोप द्या. आमची चंद्रकांता बीएस्सी आहे. भंडाऱ्याले पक्की नोकरी आहे तिले, नोकरी ती सोडणार नाही. इतकं चालत असन तं या म्हणा, नाही तं राहू द्या."

शकुनबाईंनी घागर कमरेवरून काढली. "अन् तुम्ही तं दहावी सांगतलं होतं वो."

"खोटं सांगतलं होतं मी." आईने पदर डोक्यावर ओढून घेतला, पण आवाज खाली केला नाही. "पोरगी बीएस्सी आहे. अन् मीबी सातवी पास आहो."

ओसरीवर बाबांचा वस्तरा साबण लावलेल्या गालावर तसाच थांबला. ते आरशात न पाहता आईकडे पाहत राहिले.